कुस्कऱ्याची सकाळ

डहाणू रोड
१४ फेब्रुवारी १९६२

लग्न आधी आणि पत्र मागून, ही कुठली रीत? आईबाप गेल्यावर तुला मी वाढवली, उवा काढल्या, मुंबईला नर्सचं शिकायला पाठवली, विमानात बसतानाही रडले नाही. आणि तुझं लग्न मला पोस्टमनच्या हातून कळतं. "आजीबाई, आत काहीतरी जाड आहे," म्हणाला. जाड म्हणजे तुझा नवरा निघाला, फोटोतला.

चि. योखेबेद हिस आशीर्वाद. फोटोतल्या माणसालाही आशीर्वाद. उंच दिसतो. कान मोठे आहेत. मोठ्या कानाचे पुरुष बायकोचं ऐकून घेतात असं तुझे आजोबा म्हणायचे. त्यांचे स्वतःचे लहान होते.

तू लिहितेस की सासू विचारते, तुमच्या हिंदुस्थानात पेसाहच्या सणाला सकाळी न्याहारीला काय करतात. म्हणजे आम्ही पेसाह करतो एवढं तरी तिने धरलंय. तर लिहिते. माझी शाळा तिसरीत सुटली, वहीत काही नाही, जे आहे ते हातात आहे. तू तिला वाचून दाखव.

गहू आठवडाभर आधी निवडायचे. ओला दाणा नको. दळायचे घरच्या जात्यावर, गिरणीत कोणाचं काय पडलेलं असतं कोणाला ठाऊक. पीठ भिजवलं की गप्पा बंद. लगेच थापायचं, लगेच तव्यावर. भाकरीला फुगायची फुरसत मिळाली की ती सणाची राहिली नाही. कडक झाली तर होऊ दे. रात्री हग्गादाची पोथी वाचून झाली, जेवणं झाली की उरलेल्या भाकरी फडक्यात बांधून ठेवायच्या.

सकाळी त्या हाताने मोडायच्या, सुरी लावायची नाही. पाणी न घालता काढलेल्या नारळाच्या रसात बुडवायच्या. किती वेळ ते विचारू नकोस. कानाच्या पाळीइतकी मऊ झाली की काढायची. तुझ्या घरात पाळ्यांना तोटा नाही, हात लावून बघ. मग फेटलेली अंडी, हिरवी मिरची, मीठ, चिमूटभर हळद, आणि सगळं तव्यावर. कडेने तेल. चमच्याने ढवळत बसलीस तर भुगा होईल. हा कुस्करा आहे, तुकडा तुकड्याला धरून राहिला पाहिजे. वरून रात्रीचा उरलेला खजुराचा पाक, बोटभर.

पहिला तुकडा घरातल्या सगळ्यात धाकट्याच्या तोंडात. मग बाकीच्यांनी हात लावायचा.

यंदा सण एप्रिलच्या अठरा तारखेच्या संध्याकाळी लागतो. पेझारकराने कॅलेंडर आणून दिलं. तो कासाच्या दवाखान्यातला कंपाउंडर, शेलम पेझारकर. तू गेल्यापासून डहाणूपासून तलासरीपर्यंत आपल्या यहुदी लोकांची दोनच घरं, एक त्याचं, एक माझं. दर साली मुंबईच्या देवळातून कॅलेंडर मागवतो आणि सणाला बायकापोरांसकट माझ्याकडे येतो.

एकोणीस तारखेला सकाळी मी तवा ठेवीन. तूही ठेवायचास. तुझ्याकडे सूर्य उशिरा येतो म्हणतेस, येऊ दे, सकाळ तीच. त्या सकाळी तुझ्याही तव्यावर माझा कुस्करा आहे, एवढं मला ठाऊक असलं की पुरे. हे रडगाणं समजू नकोस. ठराव समज.

तुझी आजी
मिलकाबाई


बेअरशेवा
११ मार्च १९६२

प्रिय आजीस शालोम व नमस्कार.

चुकलं माझं. लग्न अचानक ठरलं, घर मिळायचं होतं, लग्न झालेल्यांनाच देत होते. कान धरून सांगते, मोठ्या कानवाल्याचे नाहीत, माझे.

त्याचं नाव शिमोन. आमच्याच हॉस्पिटलात विजेचं काम करतो. सासूबाईंचं नाव फ्रीदा, त्या रुमानियाच्या. घरात आम्ही तिघंच. तुझं पत्र मी त्यांना इथल्या भाषेत सांगितलं. कानाच्या पाळीचं ऐकल्यावर त्या उठल्या आणि शिमोनचा कान धरून दोन बोटांत चोळून पाहिला. मग म्हणाल्या, ही बाई बरोबर सांगते.

पण आजी, इथे सगळं वेगळं आहे. भाकर घरी करत नाहीत, खोक्यात मिळते, पातळ, भोकाभोकांची. फ्रीदाआई ती पाण्यात भिजवतात, पिळतात, अंड्यात घालून तळतात आणि वर साखर. मिरची ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. सणाचे सात दिवस घरात तांदूळसुद्धा आणायचा नाही म्हणतात. नारळ तर मी इथे आल्यापासून पाहिला नाही.

तरी ठराव मान्य. एकोणीस तारखेला तवा ठेवते.

तुझी
योखी


डहाणू रोड
२४ एप्रिल १९६२

चि. योखेबेद हिस आशीर्वाद.

पाण्यात भिजवलेली भाकर आम्ही कोंबड्यांना घालतो. हे सासूला सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल. आणि मोशे मिसरातून निघताना तांदळाबद्दल काही बोलल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. आपल्या लोकांनी शेकडो वर्षं सणात तांदूळ खाल्ला, कोणी आंधळं झालं नाही.

इकडचा सण झाला. पेझारकर एस.टी.ने आला, बायको, तीन पोरं आणि पाय बांधलेली कोंबडी घेऊन. कोंबडी त्यानेच कापली, रक्तात आपल्या हाताचा पंजा बुडवून कागदावर उठवला आणि दारावर चिकटवला. तुझे आजोबा लावायचे तिथेच. ठसा जरा तिरका आला. मी म्हटलं, "शेलम, मरणाचा दूत वाकडा पंजा बघून माघारी जाईल का आत येईल?" म्हणाला, "मावशी, तुमचा आवाज ऐकून जाईल."

हग्गादा त्याने भराभरा वाचली, बस चुकेल असं. बस दुसऱ्या दिवशी दुपारची होती. सकाळी साडेसातला तवा ठेवला. अंडीवाली सुकी रानशेतहून आदल्या दिवशीच अंडी देऊन गेली होती, गावठी, पिवळंधमक बलक. पहिला तुकडा पेझारकराच्या धाकट्याच्या तोंडात घातला. मिरची लागली, थुंकला. त्याच्या आईने रागावून बघितलं, त्याच्याकडे नाही, माझ्याकडे.

तुझा तवा ठेवलास का? कसा झाला ते लिही. नारळाचं काय केलंस?

तुझी आजी
मिलकाबाई


बेअरशेवा
२० मे १९६२

प्रिय आजीस शालोम.

ठेवला, आजी. नारळाचा रस डब्यातला मिळाला, हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरणीने दिला. छान झाला. सगळ्यांना आवडला, फ्रीदाआईंनी दोनदा घेतला. तुझी आठवण आली.

ड्यूटी फार आहे म्हणून थोडक्यात लिहिते. आणि एक बातमी. डिसेंबरपर्यंत आपल्या घरात पहिल्या तुकड्याची मालकीण येईल, नाहीतर मालक.

तू इकडे कधी येतेस? कागदपत्रं शिमोन करून देईल. एकटीने राहू नकोस.

तुझी
योखी


डहाणू रोड
१० एप्रिल १९६३

चि. योखेबेद हिस आशीर्वाद. छोट्या ओर्नाला आशीर्वाद. नाव लहान ठेवलंत, बरं केलंत, हाक मारताना दम लागत नाही.

सण काल झाला. पेझारकर मंडळी आली होती. घर भरून गेलं होतं. पोरांनी सगळा कुस्करा संपवला. दारावर पंजा आहे. सगळं नेहमीसारखं झालं.

एकटी एकटी म्हणून दर पत्रात लिहू नकोस. मी एकटी कुठे आहे? अहिल्याबाई शेजारी आहे, त्या स्टेशनावरच्या बुकिंगवाल्या काशीनाथची बायको, ती भिंतीतून बोलते. सुकी अंडी घेऊन येते. आणि तिकडे येऊन मी करू काय? गुडघे वाळूत चालत नाहीत, आणि तिथल्या भाषेत मला कोणावर ओरडता येणार नाही.

तू काल तवा ठेवलास ना? ओर्नाच्या ओठांना कुस्करा लावलास का? गिळायला देऊ नकोस, नुसता लाव.

तुझी आजी
मिलकाबाई


बेअरशेवा
२ मार्च १९६४

प्रिय आजीस शालोम.

वर्षभरात चारच पत्रं लिहिली, त्याबद्दल जे बोलायचं ते बोल. ओर्ना चालायला लागली आणि पहिल्या दिवसापासून पळतेच. फ्रीदाआई तिच्यामागे फिरतात आणि रुमानियाच्या भाषेत शिव्या देतात. तुमच्या दोघींचं जमलं असतं असं मला फार वाटतं.

गेल्या वर्षीही तवा ठेवला होता. ओर्नाच्या ओठांना लावला, तिने जीभ फिरवली.

सण जवळ आला. पेझारकरमामांनी कॅलेंडर आणून दिलंच असेल, म्हणून तारीख लिहीत नाही. त्याच सकाळी मीही करते. मामांना, मामींना शालोम सांग.

तुझी
योखी


डहाणू रोड
२७ एप्रिल १९६४

चि. योखेबेद हिस आशीर्वाद.

आजच सकाळी कुस्करा झाला. तवा अजून घासायचा आहे, पण म्हटलं आधी लिहावं, तुझ्याही घरी आत्ता सकाळच चालली असेल.

यंदा सण फार उन्हात आला. भाकरी थापताना घाम पिठात पडेल म्हणून कपाळाला फडकं बांधलं. चिकूच्या वाड्यांत पानही हलत नाही. तांब्याची भांडी मागच्या महिन्यातच कल्हई करून ठेवली होती. सणाला काढली तोवर कल्हईवाला परत दारावरून गेला. "मावशी, अजून वापरली नाहीत?" म्हणाला. मी म्हटलं, "यंदा चैत्र दोन आहेत, तुला कोणी सांगितलं नाही?"

मलाही अहिल्याबाईनेच सांगितलं. मी पापडाचं पीठ बाजूला काढत होते, तेव्हा भिंतीपलीकडून म्हणाली, "मिलकाबाई, घाई कशाला करता? हा चैत्र अधिक आहे. अधिकात सणवार करायचे नसतात. हनुमान जयंतीसुद्धा पुढच्या पौर्णिमेला आहे." म्हटलं बरोबर आहे. चैत्राच्या पुनवेला आपला सण, इतकं तर माझ्या आजीपासून ठाऊक आहे. अधिकात केला असता तर फुकट गेला असता.

पेझारकर मंडळी आली होती, जेवून गेली. दारावर पंजा आहे. तुकडे नीट धरून राहिले, एकही सुटला नाही. खजुराचा पाक जरा कडक झाला.

ओर्नाने यंदा गिळला का? मिरचीला काय म्हणाली?

तुझी आजी
मिलकाबाई


बेअरशेवा
२४ मे १९६४

प्रिय आजीस शालोम.

हे या आठवड्यातलं माझं दुसरं पत्र. पहिलं लिहून पाकीट बंद केलं होतं. त्यात लिहिलं होतं की हो आजी, सत्तावीसला सकाळी मीही केला, ओर्नाने गिळला. ते पत्र फ्रीदाआईंनी पोस्टात टाकलं नाही.

पत्रं टाकायला त्याच जातात, आणि तुझं पत्र आलं की मला समोर बसवून सगळं सांगायला लावतात. तुझ्या पाकिटावरची तिकिटं त्या कापून ठेवतात. या वेळी कात्री हातात तशीच राहिली. शिक्क्यावर २७ एप्रिल होती. म्हणाल्या, तुझी आजी आज सकाळी केला म्हणते, ते या तारखेला? मी हो म्हटलं. मग विचारलं, आणि तू काय लिहिलंस? मी सांगितलं. त्यांनी माझं पाकीट ओट्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "म्हातारीला खोटं लिहिलेलं पत्र मी नेणार नाही. दुसरं लिही."

तर दुसरं लिहिते.

आजी, सण मार्चमध्ये होता. सत्तावीस मार्चच्या संध्याकाळी लागला. आपल्या कॅलेंडरात यंदा जादा महिना नव्हता, तो अहिल्याबाईंच्या पंचांगात होता. तुझा सण एक महिना उशिरा झाला. तारीख लिहीत नाही असं मी लिहिलं, ते माझं चुकलं.

आणि पेझारकरमामा असते तर तू भिंतीपलीकडे विचारलं नसतंस. ते आता कासाला नाहीत ना? कधी गेले?

माझंही सांगते. बासष्ट साली त्या सकाळी मी ड्यूटीवर होते, हॉस्पिटलात उकडलेलं अंडं खाल्लं. डब्यातला नारळ नव्हता, डॉक्टरणीही नव्हती. त्रेसष्ट साली ओर्ना चार महिन्यांची, मी झोपले होते, फ्रीदाआईंनी त्यांचं साखरेचं केलं. तव्याचं जे लिहिलं ते सगळं मनाचं.

यंदा खरा केला. पहिला दिवस शनिवारी आला, शब्बाथला चूल पेटवायची नाही, म्हणून रविवारी, एकोणतीस मार्चला सकाळी. नारळ नाही, म्हणून पाण्यात. पण हाताने मोडला, मिरची, हळद, सगळं. अर्धे तुकडे सुटले. पहिला तुकडा ओर्नाला, ती खोकली आणि परत तोंड उघडलं. फ्रीदाआईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, मिरचीने. म्हणाल्या, तिखट आहे, उद्याही कर.

म्हणजे मी एकदा खरा केला आणि त्याच सकाळी तुझा तवा थंड होता. आपली एकही सकाळ जुळली नाही, आजी. तीन वर्षांत एकही नाही.

हे सगळं फ्रीदाआईंना वाचून दाखवलं. मला वाटलं त्या तुझ्या महिन्याला हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी जे सांगितलं ते शिमोनलाही नीट माहीत नव्हतं. महायुद्धात यहुदी म्हणून त्यांना गावातून हाकलून नदीपलीकडे नेलं होतं, गोठ्यात ठेवलं होतं. कॅलेंडर नाही. त्या भिंतीवर कोळशाने दिवस मोजत. मधे ताप आला, किती दिवस रेघ मारली नाही ते कळेना. मग चंद्र बघून सण धरला. भाकर नव्हती, बटाट्याच्या साली पत्र्यावर भाजल्या. शिमोन सहा वर्षांचा, सगळ्यात धाकटा, पहिली साल त्याला दिली. सुटून आल्यावर कोणीतरी तारखा सांगितल्या तेव्हा कळलं की तो सण चुकला होता. किती दिवसांनी ते त्यांनी सांगितलं नाही. मलाही विचारवलं नाही.

एवढं सांगून त्यांनी तिकीट कापलं आणि हे पत्र कधी लिहून होतंय म्हणून दारात उभ्या आहेत.

तुझी
योखी


डहाणू रोड
१२ जून १९६४

चि. योखेबेद हिस आशीर्वाद.

वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. तेच लिहिलं होतं.

पेझारकराची बदली बासष्टच्या पावसाळ्यात झाली, धुळ्याकडे. जाताना पोरगं माझ्या पाया पडलं, तेच थुंकणारं. तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू कागदपत्रं पाठवली असतीस. दारावर पंजा आहे म्हणून लिहिलं ते खोटं नव्हतं. पंजा आहेच. त्याने बासष्टला लावलेला, वाकडा. आता तपकिरी पडलाय, अंगठ्याकडून कसर खाते. कोंबडी कापायला घरात पुरुष नाही, मी नवा कुठून लावू?

त्रेसष्टला अंदाजाने धरला तो बरोबर पडला. म्हणून यंदा शहाणपण चढलं. मुंबईच्या देवळाला एक कार्ड टाकलं असतं तर तारीख कळली असती. पण इतकी वर्षं सण केल्यावर सण कधी आहे असं लोकांना विचारायचं? नाही टाकलं. अहिल्याबाईला काही बोलले नाही. तिने तिच्या देवाचं खरंच सांगितलं, आमच्या देवाचं तिला काय ठाऊक.

तर यंदा खरं काय झालं ते घे. रात्री मी एकटी बसले. हग्गादा मला अर्धी वाचता येते, अर्धी पाठ. लहान पोराने चार सवाल विचारायचे असतात. ते मी विचारले आणि मीच जबाब दिले. दुसऱ्या सवालाला अडले, स्वतःवरच खेकसले. सकाळी कुस्करा केला. पहिला तुकडा धाकट्याचा. घरात थोरली मी, धाकटीही मी. घातला तोंडात.

मग सुकी आली. तिला म्हटलं बस, खा. पायरीवर बसून तीन तुकडे खाल्ले, मिरचीला हूं की चूं नाही. विचारते, "कसला सन गं आई?" मी म्हटलं, "आमचे लोक दुसऱ्यांच्या देशात गुलाम होते. त्यातनं सुटले, त्याचा." तिने बोटं चाटली, म्हणाली, "कोणच्या शेटाकडून?" मी म्हटलं, "फारो म्हणून होता." म्हणे, "आमचा बी होता, उधव्याला. माझे आईबाप त्याचे लग्नगडी. शेटाने लगीन लावून दिलं आनि दोघं जलमभर त्याच्याकडे राबली. मंग लाल बावट्यावाले आले, सुटली." मी म्हटलं, "मग तुम्ही सण करता का त्याचा?" तर म्हणाली, "आमाला कुठं तारीख म्हाईत?"

मी हसले तेव्हा. मला तरी कुठे माहीत होती, हे तुझ्या पत्राने कळलं.

तू तीन वर्षं खोटं लिहिलंस. मी दोन वर्षं. रागावायला मला तोंड नाही, पण तरी रागावले आहे, ते नोंदवून ठेव. डब्यातला नारळ म्हणे. आणि ती डॉक्टरीण, तिला मी मनातून आशीर्वादसुद्धा दिले होते. परत घेते.

आता पुढच्या सालचं ऐक. नारळ नाही तर नाही, तू पाण्यातच भिजव. मिरची मात्र सोडायची नाही. तुकडे सुटले कारण घाईने उलटलेस. कड सुटू लागली की मगच उलट. आणि फ्रीदाबाईला विचार, तिच्या त्यात साखर आधी घालायची का मागून. मी पुढल्या साली इथे तिचं करीन. तिने तिथे माझा करायचा. दोन्हीकडे चव बिघडेल. बिघडू दे. सकाळ चुकता कामा नये.

त्या सकाळी सुकीला मी बोलावणार आहे. ती साखरेला नाही म्हणणार नाही. तिच्या सुनेला मूल झालंय, तेही आणील. घरात धाकटं कोणीतरी पाहिजे.

आता हे फ्रीदाबाईला सांग, जसंच्या तसं, मधे तुझं काही घालू नकोस. मी पूर्ण एका महिन्याने चुकले. आणि माझ्याकडे भाकर होती, अंडी होती, नारळ होता, डोक्यावर छप्पर होतं आणि शेजारीण पंचांग घेऊन बसली होती. तरी चुकले. तू गोठ्यात बसून किती दिवसांनी चुकलीस? मला आकडा पाहिजे. माझ्यापेक्षा कमीच असणार, मला खात्री आहे.

तो आकडा, आणि पुढल्या पेसाहची तारीख, दोन्ही तिने आपल्या हाताने लिहायचं, तिच्या भाषेत. मला एक अक्षर कळणार नाही. पण तारखेचे आकडे ते शिक्क्यावरचेच असतात ना, ते मला येतात. तुझ्या आजोबांनी रेल्वेच्या मालडब्यांवरचे वाचायला शिकवले होते.

तू मधे लिहायचं नाहीस. तू लिहिलंस की मला परत शंका येईल. ह्या पत्राला जबाब फ्रीदाबाईने द्यायचा, दुसऱ्या कोणी नाही.

मिलकाबाई